एकच बेरीज, वेगवेगळी मशिनं : कामाच्या नोंदी

३ मे

काम काय ते आधी सांगतो. स्विचवर एक आकडा लावायचा, बटण दाबलं की तो आधीच्या बेरजेत मिळवला गेला पाहिजे आणि नवीन बेरीज एलईडींवर दिसली पाहिजे. बस एवढंच. हेच काम आधी सुट्या आयसींवर, मग मायक्रोकंट्रोलरवर, मग सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर, मग पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर आणि शेवटी भाड्याच्या सर्व्हरवर करून बघायचं. कॉम्प्युटरचे प्रकार म्हणून जो तक्ता सगळीकडे छापलेला असतो (ॲनालॉग, डिजिटल, हायब्रिड, आणि खाली मायक्रो, मिनी, मेनफ्रेम, सुपर) तो पाठ झाला तरी त्यातला फरक हाताला लागत नाही, म्हणून हा खटाटोप.

सामान: दोन लांब ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, ५ व्होल्टचा सप्लाय, मल्टीमीटर, एलईडी, ३३० ओम, १ के आणि १० के चे रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर (ज्यांच्यावर १०४ छापलेलं असतं ते), आणि ७४ सिरीजच्या आयसी. आयसी स्वस्त असतात, खरा खर्च वायरींचा आणि वेळेचा. एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो, वायरी हलक्या घेऊ नका, का ते खाली येईलच.

४ मे

सुरुवात ॲनालॉगने. डिजिटल का लागतं ते कळायला आधी त्याच्याशिवाय करून बघणं बरं. एलएम३५८ ऑप-अॅम्प (व्होल्टेज वाढवणारी आयसी), दोन पोटेन्शिओमीटर (फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचे), १० के चे चार रेझिस्टर. आकडा म्हणजे व्होल्टेज, म्हणजे ३ हवा असेल तर ३ व्होल्ट वगैरे. दोन व्होल्टेज दोन सारख्या रेझिस्टरमधून एकत्र आणली की त्यांची सरासरी मिळते, ती दुप्पट केली की बेरीज. जोडायला काहीच वेळ लागला नाही आणि उत्तरही क्षणात येतं, ते बघून मजा वाटली.

मग मोजायला बसलो. १ आणि १ ची बेरीज बरोबर २ येत नाही, कधी थोडी वर कधी थोडी खाली, कारण रेझिस्टर ५ टक्केवाले, चार रेझिस्टर चार तऱ्हेचे. २ आणि २ मिळवले तर उत्तर ३.५ च्या आसपास जाऊन अडकलं. हे तर फारच गमतीशीर, पण कारण साधं आहे, एलएम३५८ चं आउटपुट सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं, ५ व्होल्टवर चालवलं तर त्याच्या वर जागाच नाही. सप्लाय ९ व्होल्टचा केला, रेझिस्टर १ टक्केवाले लावले, तेव्हा उत्तर बरंच सुधारलं.

तरी एक अडचण सुटत नाही. हे उत्तर पुढच्या बेरजेत वापरलं की आधीची चूकही सोबत पुढे जाते, मग तिच्यात नवीन चूक मिसळते, असं करत दहा-बारा पायऱ्यांत आकड्याला काही अर्थ उरत नाही. मला बेरीज साठवत न्यायची आहे त्यामुळे हे इथेच सोडलं. ॲनालॉग वाईट आहे असं नाही, सेन्सर आणि आवाज अजून तिथूनच येतो, पण साठवायला नको.

१० मे

पहिलं गेट, म्हणजे इनपुटचे ०-१ बघून ठरलेल्या नियमाने ० किंवा १ देणारं सर्किट. ७४एचसी००, एका आयसीत चार नॅन्ड (दोन्ही इनपुट १ असतील तरच ०). पिन १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट, ७ ग्राउंड, १४ सप्लाय. इनपुट वायर नुसती ५ व्होल्टला लावली आणि काढली, आउटपुटला एलईडी.

लावल्यावर ठीक. काढल्यावर मात्र एलईडी मनाला येईल तसा, हात जवळ नेला की बदलतो, खुर्ची सरकवली की बदलतो. आयसी खराब समजून दुसरी लावली, तिचंही तेच. आयसी ठणठणीत होती. वायर काढली म्हणजे इनपुट शून्य झालं असं आपण धरून चालतो, आणि सीमॉसच्या (७४एचसी ज्या तंत्राने बनते त्याच्या) बाबतीत ते चूक आहे. काढलेली वायर म्हणजे शून्य नाही, ती अँटेना आहे. इनपुट करंट जवळजवळ खातच नाही त्यामुळे हवेतली गडबडसुद्धा त्याला पुरते. प्रत्येक इनपुटला १० के चा पुल-डाऊन (इनपुटला शून्यावर ओढून ठेवणारा रेझिस्टर) ग्राउंडला लावला आणि भुताटकी बंद. आयसीतली जी गेट वापरायची नाहीत त्यांची इनपुटही ग्राउंडला बांधा, मोकळी ठेवू नका, ती मध्येच लटकून उगाच करंट खातात आणि आयसी गरम होते.

११ मे

आजचा दिवस दोनच गोष्टींत गेला पण या दोन गोष्टी समजल्या की डिजिटल म्हणजे काय याचं अर्धं उत्तर मिळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली. एका गेटचं आउटपुट दुसऱ्या गेटला दिलं आणि मधे काय चाललंय ते दिसावं म्हणून त्याच वायरीवर एलईडी लावला, रेझिस्टर न लावता, कारण थोड्या वेळापुरता तर लावायचाय. एलईडी मस्त पेटला. पुढचं गेट मात्र हा सिग्नल १ मानायला तयार नाही. मल्टीमीटर लावला तर वायरीवर २.२ व्होल्टच्या आसपास. लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्टच पडू देतो, रेझिस्टर नसल्यामुळे त्याने अख्खी वायरच खाली ओढून धरली होती.

आता ७४एचसी ला ५ व्होल्टवर काय लागतं बघा. १ म्हणून ओळखायला साधारण ३.५ च्या वर, ० म्हणून ओळखायला साधारण १.५ च्या खाली. मधला जो पट्टा आहे त्यात गेट काय उत्तर देईल याची हमी कुणीच देत नाही. माझे २.२ व्होल्ट बरोब्बर त्या पट्ट्यात. एलईडीला १ के चा रेझिस्टर लावला (३ मिलीअँपच्या आसपास करंट, दिसायला पुरतो), वायरीवर परत पावणेपाचच्या वर आले आणि पुढचं गेट वळणावर आलं.

दुसरी गोष्ट त्याच पट्ट्याची. जवळ काही जुन्या ७४एलएस आयसी होत्या, नंबर तेच, पिनाही त्याच, म्हणून मधेच एक घुसवली. कधी चाले, कधी नाही. एलएस चं आउटपुट १ असताना साधारण ३.४ व्होल्ट देतं, कारण टीटीएलच्या, म्हणजे एलएस ज्या घराण्यातली त्याच्या, जगात २ व्होल्टच्या वर सगळं १ च असतं, त्यांच्या हिशोबाने ते भरपूर. एचसी ला ३.५ हवेत. म्हणजे हा सिग्नल अगदी उंबरठ्यावर उभा. खोलीचं तापमान, सप्लाय थोडा कमीजास्त, कशानेही इकडे किंवा तिकडे. एकदम बंद पडलेलं सर्किट परवडलं, असं कधीकधी चालणारं नको, कारण तुम्ही बिघाड भलतीकडेच शोधत बसता. अख्खी दुपार त्यात गेली. उपाय: सगळ्या एचसी घ्या, किंवा जिथे एलएस मधून सिग्नल येतो तिथे एचसीटी लावा, तिला २ व्होल्ट पुरतात.

पण या पट्ट्याचीच खरी कमाल आहे. ४ मे च्या ऑप-अॅम्पला ४.७ आणि ४.९ हे दोन वेगळे आकडे होते. गेटला दोन्ही १ च, आणि पुढे देताना ते स्वतःच्या सप्लायवरून नवा कोरा १ बनवून देतं. म्हणजे प्रत्येक गेट आधीची घाण गाळून सिग्नल पुढे पाठवतं. चूक साठत जात नाही. शून्य आणि एक काही आकाशातून पडत नाहीत, ते प्रत्येक पायरीला परत परत स्वच्छ करून घ्यावे लागतात, आणि ते केलं तर हजार पायऱ्यांनंतरही उत्तर तेच राहतं.

जाता जाता, डिजिटल म्हणजे बायनरीच असंही नाही. १९४५ साली तयार झालेला एनिॲक डिजिटलच होता, अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब होत्या त्यात, पण आकडे दशमान पद्धतीने, दहा पायऱ्यांच्या रिंग काउंटरमध्ये ठेवायचा. दोनच पायऱ्या ठेवल्या की मधला मोकळा पट्टा मोठा मिळतो आणि सर्किट सोपं होतं, म्हणून बायनरी टिकलं.

१७ मे

चार बिटांचा अॅडर, म्हणजे बेरीज करणारं सर्किट. एका बिटाला दोन एक्सऑर (इनपुट वेगळी असतील तरच १), दोन अँड (दोन्ही १ असतील तरच १), एक ऑर (एक तरी १ असेल तर १). चार बिटांना आठ एक्सऑर, आठ अँड, चार ऑर, म्हणजे ७४एचसी८६ दोन, ७४एचसी०८ दोन, ७४एचसी३२ एक. पाच आयसी आणि वायरींचं जंगल. हे सगळं एकाच ७४एचसी२८३ मध्ये तयार मिळतं हे मला माहीत होतं, पण मग कॅरी (हातचा) एका बिटातून दुसऱ्यात कसा जातो ते हाताने कधीच दिसलं नसतं.

एक सूचना. ००, ०८, ३२, ८६ या चौघांच्या पिना सारख्या आहेत. ०२, म्हणजे नॉर, तिच्या उलट्या, पिन १ आउटपुट आणि २-३ इनपुट. सवयीने लावली तर दोन आउटपुट एकमेकांवर येतात. डेटाशीटचं पहिलं पान उघडं ठेवूनच वायर लावा.

आजचा मोठा घोळ: डावीकडच्या तीन आयसी ठीक, उजवीकडच्या दोन येड्यासारख्या वागतात. काही बेरजा बरोबर, काही चूक, आणि दोन्ही आकडे शून्य केले की उजवीकडचं सगळं गप्प. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या सप्लायच्या पट्ट्या काही बोर्डांत मधोमध तुटलेल्या असतात, छापलेली लाल रेघही तिथे तुटक असते, ती नीट बघायला हवी. म्हणजे उजवीकडच्या दोन आयसींना सप्लायच नव्हता. मग अर्ध्या बेरजा बरोबर कशा येत होत्या? सीमॉस आयसीच्या इनपुटला आतून संरक्षणाचे डायोड असतात, एखादं इनपुट १ असलं की त्या वाटेने करंट आत शिरून आयसी चोरून चालू राहते. सगळी इनपुट ० झाली की मरते. हे इतकं फसवं आहे की आता काही बिघडलं की मी आधी प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनेवर, थेट आयसीच्या पायावर, मीटर लावतो, पट्टीवर नाही.

पट्ट्या वायरीने जोडल्या. ५ आणि ६ मिळवले, ११ आले, १०११.

१८ मे

छोटी नोंद. चार दिवे एकदम बदलले की (१५ मध्ये १ मिळवला की सगळे विझतात आणि कॅरी पेटतो) मधूनच भलता दिवा लुकलुकतो. प्रत्येक आयसीच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या मधे, पायाला चिकटून, १०४ कपॅसिटर लावला. लुकलुक बंद. हे पहिल्याच दिवशी लावायला हवे होते, सगळेच तसं सांगतात आणि सगळेच ते पुढे ढकलतात.

२४ मे

आता आठवण. अॅडरला काही लक्षात राहत नाही, इनपुट काढलं की उत्तर गेलं. ७४एचसी१७३ लावली, चार बिटांचं रजिस्टर. अॅडरचं उत्तर तिच्या इनपुटला, तिचं आउटपुट परत अॅडरच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला स्विच. बटण म्हणजे क्लॉक (कधी साठवायचं ते सांगणारा ठोका).

सप्लाय चालू केला की रजिस्टरमध्ये काहीतरी वेडावाकडा आकडा आधीच असतो, ०११० काय, १०११ काय. हा बिघाड नाही. फ्लिप-फ्लॉप (रजिस्टरमधला एक बिट धरून ठेवणारा भाग) चालू होताना कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नसतो, म्हणून रीसेटची पिन वेगळ्या बटणावर घेतली (१७३ ची रीसेट १ दिल्यावर चालते, ० वर नाही, हे लक्षात ठेवा, बऱ्याच आयसींचं उलटं असतं). प्रत्येक कॉम्प्युटर चालू झाल्यावर आधी रीसेट का होतो ते असं कळलं.

मग खरी कटकट. २ लावून बटण एकदा दाबलं तर बेरीज कधी २, कधी ६, कधी १०. बटणाच्या आतला पत्रा दाबल्यावर काही मिलीसेकंद उड्या मारतो, आपल्याला एक दाब वाटतो, रजिस्टरला तीन-पाच दिसतात. आधी नुसता कपॅसिटर लावला, त्याने झालं उलटंच, व्होल्टेज हळूहळू चढायला लागलं आणि त्या मधल्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळायला लागलं, क्लॉक इनपुटला हे अजिबात चालत नाही. मग ७४एचसी१४ आणली, हिच्यात चढताना आणि उतरताना वेगळे उंबरठे असतात, त्यामुळे एकदा निर्णय झाला की थोड्या हलण्याने तो बदलत नाही. १० के आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे १० मिलीसेकंद, आणि पुढे १४. उड्या गायब.

फक्त आता बेरीज बटण सोडल्यावर व्हायला लागली, दाबल्यावर नाही. १४ सिग्नल उलटा करते आणि माझं बटण ५ व्होल्टला जोडलेलं होतं. आयसीत सहा इन्व्हर्टर असतात, दुसरा एक मधे घातला आणि झालं. बटण ग्राउंडला आणि १० के वर सप्लायला असं लावलं असतं तर एकातच भागलं असतं, नवीन करणाऱ्यांनी तसंच करा.

हा आता कॉम्प्युटर आहे का? माझ्या मते नाही, कॅल्क्युलेटरचा एक तुकडा आहे. पुढे काय करायचं हे अजून माझं बोट ठरवतंय. ते ठरवणारी यादी आतल्या मेमरीत गेली की कॉम्प्युटर.

३१ मे

मायक्रोकंट्रोलर. अर्डुइनो उनो, वरची चिप एटीमेगा३२८पी, ८ बिट, १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामला ३२ केबी फ्लॅश आणि चालताना वापरायला २ केबी रॅम. एवढ्या दिवसांचं काम चार ओळींत. बटणाच्या उड्यांसाठी आयसी नको, २० मिलीसेकंद थांबायचं झालं.

पण मर्यादा तीच, फक्त पुढे सरकलेली. माझा अॅडर १५ नंतर ० वर येतो, इथे बाइट २५५ नंतर ० वर येतो. साधा इंट १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे गेलात की उणे आकडे. ३२ बिटांची बेरीज लिहिली तर ८ बिटांची चिप ती चार तुकड्यांत करते, आधी खालचे ८, मग कॅरी घेऊन पुढचे ८, असं. कंपाइलरने (आपला प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामने) काढलेलं असेंब्ली, म्हणजे चिपच्या सूचनांची यादी, बघितलं, पहिली एडीडी आणि मग तीन एडीसी, म्हणजे कॅरीसकट बेरीज. म्हणजे मी वायरीने जो कॅरी ओढत होतो तोच, फक्त एकाच अॅडरमधून चारदा.

मग या बोर्डाला माझ्या ब्रेडबोर्डची परीक्षा घ्यायला लावलं, म्हणजे चार बिट, चार बिट आणि कॅरी-इन (बाहेरून आत येणारा हातचा) अशी ५१२ कॉम्बिनेशन्स आपोआप देऊन उत्तर तपासायचं. १४ पिना लागतात. मी सलग ० पासून १३ घेतल्या आणि प्रोग्राम चढेचना, कारण ० आणि १ या सिरियलच्या पिना आहेत, त्यांवर दुसरं काही लटकवलं की अपलोड अडतो. त्या दोन ॲनालॉग म्हणून छापलेल्या पिनांवर नेल्या, त्या डिजिटलही वापरता येतात.

परीक्षेत ब्रेडबोर्ड नापास. ९ आणि ७ मिळवले की १६ च्या जागी कधी १६, कधी ०. हाताने मी फक्त लहान आकडे तपासले होते. शेवटच्या बिटातून कॅरी पुढे सरकवणारी वायर ऑर गेटच्या पिनेला धड टेकतच नव्हती, हलकी वायर, आत तार तुटलेली, वरून धडधाकट. परत १० मे चंच दुखणं, लटकलेलं इनपुट. वायर बदलली, ५१२ पैकी ५१२.

अजून एक बघितलं. स्वस्तातला २४ मेगाहर्ट्झचा यूएसबी लॉजिक अॅनालायझर (वायरींवरचे ०-१ वेळेसकट नोंदवणारं उपकरण) अॅडरच्या आउटपुटला लावला आणि १५ अधिक ० चं एकदम १५ अधिक १ केलं. उत्तर १५ वरून थेट १६ होत नाही, मधे एक-दोन सॅम्पल भलतेच आकडे येतात, १४, १२, असे. एका सॅम्पलमध्ये साधारण ४२ नॅनोसेकंद असतात आणि एचसी गेटला दहाएक नॅनोसेकंद लागतात, कॅरी चार बिटांतून रांगत जाईपर्यंत उत्तर खोटंच असतं. क्लॉक कशाला हवं याचं उत्तर हेच. सगळं शांत होईपर्यंत थांबा आणि मग रजिस्टरमध्ये घ्या. प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा हे बऱ्याच अंशी या थांबण्यावर ठरतं.

७ जून

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय ४. चार कोअर, १.५ गिगाहर्ट्झ, वर लिनक्स. माझा ५ व्होल्टचा बोर्ड याला सरळ जोडू नका, याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि ५ सहन करत नाहीत. ५ वरून ३.३ आणायला १ के आणि २ के चा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून कमी करणारी रेझिस्टरची जोडी) लावला, तो चालला. उलट दिशेला मात्र परत तोच पट्टा: पायचा १ म्हणजे ३.३, एचसी ला ५ व्होल्टवर हवेत ३.५. सकाळी चाललं, संध्याकाळी नाही. या वेळी निदान कुठे बघायचं ते माहीत होतं. सोपा मार्ग असा की एचसी आयसी २ पासून ६ व्होल्टपर्यंत कुठेही चालतात, अख्खा ब्रेडबोर्डच पायच्या ३.३ वर घेतला. डिव्हायडर काढून टाकले, एलईडी थोडे मंद झाले म्हणून १ के च्या जागी ३३० ओम.

दर एक मिलीसेकंदाला एक पिन चालू-बंद करायला पायथनमध्ये लिहिलं आणि अॅनालायझरवर बघितलं. बहुतेक वेळा एकाहून थोडं जास्त, आणि मधेच कुठेतरी मोठी खोट, कारण लिनक्स तेव्हा दुसरंच काही करत होतं. उनो कितीतरी पटीने हळू आहे, पण त्याच्यावर हेच काम काटेकोर होतं, त्याला दुसरं काम नाहीच. नवीन लोक नेहमी विचारतात दोघांत चांगला कोणता. मोटर, सेन्सर, वेळेचा हिशोब असेल तर उनो. नेटवर्क, फाइल, स्क्रीन असेल तर पाय. पुष्कळदा दोन्ही लागतात.

पायची वायर तशीच उपटली की कधीतरी मेमरी कार्डवरची फाइल सिस्टीम बिघडते, माझी बिघडली, सगळं परत चढवावं लागलं. शटडाऊन करूनच काढा. आणि सप्लाय ५ व्होल्ट ३ अँपचा खरा घ्या, फोनच्या चार्जरवर कोपऱ्यात विजेचं चिन्ह येत राहतं.

१४ जून

जुना डेस्कटॉप. चालू केला तर तारीख कित्येक वर्षं मागची, आणि कुठलीही साइट उघडली की सुरक्षित नाही म्हणून बोंब. नेटवर शंका घेऊन राउटर वगैरे रीस्टार्ट करून झालं. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती, तारीख चुकली की साइटची सर्टिफिकेट अजून सुरूच झालेली नाहीत असं त्याला वाटतं. बॅटरी बदलली, तारीख लावली, सगळं उघडलं.

मधेच हँग होत होता. रॅम काढून, संपर्क पुसून परत बसवली, मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक नाही. रॅमबद्दल एक गोष्ट या प्रकल्पात फार शोभते. माझं रजिस्टर सप्लाय आहे तोवर आकडा धरून बसतं. डेस्कटॉपच्या डीरॅममध्ये एक बिट म्हणजे चिमुकल्या कपॅसिटरवरचा चार्ज, आणि तो गळतो. म्हणून साधारण दर ६४ मिलीसेकंदाला सगळी मेमरी वाचून परत लिहिली जाते. म्हणजे हा डबा नुसता बसलेला दिसतो तेव्हाही गळक्या हौदात पाणी भरत असतो.

याच्यावर ३२ बिटांची सिस्टीम होती. ४ जीबी रॅम असून कमीच दिसत होती, कारण ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते बसतात आणि त्यातले काही ग्राफिक्स वगैरे उपकरणांना जातात. प्रोसेसर ६४ बिटांचा निघाला, सिस्टीम बदलली. आणि विनोद असा की या सगळ्यांत जड मशिनला एक साधा एलईडी लावायला पिन नाही. शेवटी उनो यूएसबीने जोडला, बेरीज डेस्कटॉपने केली आणि दिवे उनोने लावले.

२१ जून

भाड्याचा सर्व्हर, व्हर्च्युअल, म्हणजे मोठ्या मशिनचा एक तुकडा. १०० कोटी बेरजांचं लूप सीमध्ये लिहून वेळ मोजला. शून्य सेकंद. डेस्कटॉपवरही शून्य. कंपाइलरने ऑप्टिमाइझ करताना उत्तर आधीच काढून ठेवलं आणि लूपच उडवलं. व्हेरिएबलला व्होलाटाइल लावलं (म्हणजे कंपाइलरने ते उडवायचं नाही) तेव्हा खरे वेळ आले. सर्व्हरचा वेळ दर वेळी वेगळा, टॉपमध्ये (चालू कामं दाखवणारी लिनक्सची कमांड) एसटी म्हणून जो आकडा दिसतो तो बघा, तेवढा वेळ शेजारच्या भाडेकरूंनी घेतलेला असतो. एका लूपसाठी सर्व्हर डेस्कटॉपपेक्षा काही भारी नाही निघाला.

मग सर्व्हर वेगळा कशात? रॅममध्ये. सर्व्हरमध्ये सहसा ईसीसी रॅम असते, ६४ बिटांमागे ८ तपासणीचे बिट, एक बिट पलटला तर आपोआप दुरुस्त, दोन पलटले तर निदान कळतं. याची गरिबाची आवृत्ती ब्रेडबोर्डवर केली, सात एक्सऑर लावून ८ बिटांची पॅरिटी (त्यातले १ सम आहेत की विषम). साठवलेल्या आठातला एक बिट मुद्दाम उलटा केला, चूक दाखवणारा दिवा पेटला. दोन उलटे केले, दिवा गप्प. नुसत्या पॅरिटीचं भोक बरोब्बर तिथे आहे. हॅमिंगने १९५० मध्ये अशा बिटांची मांडणी दिली की कोणता बिट चुकला तेही कळतं, ईसीसी त्याच घराण्यातली.

मेनफ्रेम आणि सुपरकॉम्प्युटर माझ्या टेबलावर येणार नाहीत. पण तो तक्ता मी आता आकाराने वाचत नाही. १९७६ चा सुपरकॉम्प्युटर क्रे-१ ८० मेगाहर्ट्झवर चालायचा, माझा पाय १.५ गिगाहर्ट्झवर, म्हणून पाय सुपर होत नाही. मिनी नावाचा वर्ग, १९६५ च्या पीडीपी-८ सारखा, तर आता उरलेलाच नाही. मला विचाराल तर मेनफ्रेम म्हणजे हजारो लोकांचे व्यवहार चालू असताना आतला भाग निकामी झाला तरी कुणाला कळू न देणारं मशीन, सुपर म्हणजे एकच अवघड गणित हजारो नोड्सना (आतल्या जोडलेल्या कॉम्प्युटरांना) वाटून देणारं, आणि मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकच काम वेळेवर करणारं. तक्त्यात हे लिहिलेलं नसतं.

२८ जून

शेवटचं राहिलेलं, वजाबाकी. एक ७४एचसी८६ जास्तीची लावली. एक्सऑरच्या एका पायाला १ दिला की दुसरा सिग्नल उलटा होऊन निघतो, ० दिला की तसाच. स्विचवरचे चारही बिट तिच्यातून नेले, चारही गेटांचा दुसरा पाय एका वेगळ्या स्विचला दिला आणि तोच स्विच कॅरी-इनलाही जोडला. स्विच खाली तर बेरीज, वर तर वजाबाकी, अॅडरला हातही लावला नाही.

३ मधून ५ वजा केले तर १११० आलं. १४ दिसतंय म्हणून बराच वेळ वायरी तपासत बसलो होतो, ते उणे २ आहे, टूज काँप्लिमेंट (उणे आकडे बायनरीत लिहायची पद्धत). चार बिटांत आता उणे ८ ते अधिक ७ एवढंच मावतं, त्यामुळे ५ अधिक ४ केलं की उणे ७ दिसतं. ओव्हरफ्लोचा दिवा हवा असेल तर शेवटच्या बिटात जाणारा कॅरी आणि त्यातून बाहेर पडणारा कॅरी एका एक्सऑरला द्या. पॅरिटीच्या दोन ८६ मधलं आठवं गेट मोकळं होतं, त्याला लावलं, ५ अधिक ४ ला दिवा पेटतो आणि ५ अधिक २ ला नाही.